अजगराचे पिल्लू

शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काहीतरी लिहावे असा निरोप आला, तेव्हा कशाविषयी लिहावे हा पहिला प्रश्न पडला. पहाटेची वंदना, रविवारचे श्रमदान, भाजी वाढताना हात आखडणाऱ्या पण आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मावशी, एक जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभाकडे निघणारी आपली रांग, या सर्वांविषयी आमच्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्या ओंजळीत आमची भर कशाला, असे वाटले. म्हणून जी गोष्ट आम्ही इतकी वर्षे आपसांत बोललो पण चारचौघांत कधी सांगितली नाही, ती येथे सांगायचे ठरवले. ती आमच्या चुकीची गोष्ट आहे.

हा लेख आम्ही चौघांनी मिळून लिहिला आहे. ज्याच्यावर ती वेळ आली तो आमचा पाचवा मित्र. त्याने मसुदा वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि छापायला संमती दिली. नाव मात्र घालू नका, असे तो म्हणाला. म्हणून आम्ही आमचीही नावे घातलेली नाहीत.

आम्ही शाळेत दाखल झालो तेव्हा सणसवाडी झपाट्याने बदलत होती. पुणे–नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. पण भिंत संपली की लगेच शेत लागे. कोठे ऊस, कोठे बाजरी, कोठे कांदा, आणि मध्येच बांधकामासाठी आणून टाकलेल्या दगड-खडीचे ढीग. अशा जागी उंदीर वाढतात आणि उंदरांच्या मागे साप येतात, एवढे साधे गणित आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. साप दिसला की काठी शोधायची, हीच बहुतेकांच्या घरची रीत. शाळेत आल्यावर रोज सकाळी पंचशील म्हणू लागलो, आणि प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे पहिलेच शील या रीतीच्या आड येऊ लागले. साप मारायचा नाही, हे आम्ही शिकलो. पण साप ओळखायला आम्ही अद्याप शिकलो नव्हतो.

आम्ही आठवीत गेलो त्या वर्षीचा जून. शाळा नुकतीच उघडली होती, दोन पाऊस होऊन गेले होते. वसतिगृहामागे कपडे धुण्याच्या दगडापाशी आम्ही पाच जण उभे होतो. तेवढ्यात उसाच्या बांधाकडून एक लहानसा साप सरपटत आला आणि दगडाच्या कडेला वेटोळे करून बसला. लांबीला वीतभर, अंगाने जाडसर, तपकिरी. पाठीवर गडद, गोलसर ठिपक्यांच्या रांगा. पळण्याची त्याला काही घाई नव्हती. शेजारच्या शेतातला एक मजूर खोऱ्याचा दांडा घेऊन धावत आला.

आमच्यातला एक जण विज्ञानात हुशार समजला जाई. विज्ञान कक्षात सापांचा एक रंगीत तक्ता होता. त्यावर सर्वांत मोठे चित्र अजगराचे होते आणि खाली ‘बिनविषारी’ असे छापलेले होते. ते चित्र डोळ्यांपुढे आणून तो ठामपणे म्हणाला, “अजगराचं पिल्लू आहे रे. काही करत नाही ते.” उरलेल्या तिघांनी मान डोलावली. तो कोण होता हे आम्ही चौघेही जाणतो, पण येथे लिहिणार नाही. कारण मान डोलावणाऱ्यांचा वाटा कमी नव्हता.

पाचवा पुढे झाला. मजुराला म्हणाला, “काका, मारू नका, मी बांधापलीकडे सोडून येतो.” आणि त्याने ते पिल्लू हातात उचलले.

ते अजगराचे पिल्लू नव्हते. ती घोणस होती.

दंश उजव्या हाताच्या तर्जनीला झाला. आरंभी त्याने आम्हांला सांगितलेसुद्धा नाही. बिनविषारी सापाच्या दाताला घाबरलो तर मुले हसतील, असे त्याला वाटले. जेवणाच्या घंटेपर्यंत बोट सुजून काळेनिळे पडले आणि हात मनगटापर्यंत ठणकू लागला. अधीक्षक सरांना कळले तेव्हा कोणी देवळात न्या म्हणाले, कोणी उतारा जाणणाऱ्याचे नाव सुचवले, एकाने दोरी आणून दंडाला करकचून बांधायला घेतली. सरांनी दोरी फेकून दिली, त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवले आणि पुण्याकडे निघाले.

खरी चूक यापुढे घडली आणि तीही आमचीच. दवाखान्यात विचारले गेले, “साप कोणता होता?” सरांनी आमच्याकडून ऐकलेलेच सांगितले, “मुले म्हणतात, अजगराचे पिल्लू.” अजगर म्हटल्यावर विषाचा प्रश्न उरत नाही. जखम धुतली गेली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले आणि त्याला एका बाकावर बसवून ठेवण्यात आले. बऱ्याच वेळाने त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. एका तरुण डॉक्टरांनी त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेतले आणि वीस मिनिटे तसेच उभे ठेवले. नळी तिरपी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले. गोठलेच नव्हते. मग धावपळ सुरू झाली. सर्पविषावरील औषध चालू झाले. पण मधले तास गेले ते गेलेच. त्याच्या मूत्रपिंडांनी काम थांबवले, रक्तशुद्धी करावी लागली, आणि तो जगला तरी तर्जनीचे टोक गमवावे लागले. तीन आठवड्यांनी तो शाळेत परतला तेव्हा वर्गातल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चौघांनी हात जोडले, टाळ्या वाजवण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

‘अजगर’ हे नाव साध्या बोलण्यातले. त्या एका दिवसात त्या नावाने दोनदा घात केला: एकदा बांधावर, एकदा दवाखान्याच्या बाकावर.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी आम्हांला शिक्षा केली नाही. त्यांनी दोनशे पानी वही आणून दिली आणि सांगितले, “वसतिगृहात किती जिल्ह्यांची मुले आहेत? प्रत्येकाला विचारा, तुमच्याकडे कोणता साप कोणत्या नावाने ओळखतात. एका सापाला एक पान. मत लिहायचे नाही, ऐकलेले लिहायचे.”

ती वही आजही आमच्याकडे आहे. आमची निवासी शाळा म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राचा गोतावळा; त्यामुळे वही भरायला वेळ लागला नाही, आणि पहिल्याच आठवड्यात डोके चक्रावले. आम्ही ज्याला दिवड म्हणत होतो त्याच पाणसापाला दुसरा मुलगा विरोळा म्हणत होता. विदर्भातल्या मुलाला घोणस हा शब्दच परका होता. त्याच्या गावी तिला परड म्हणतात. मांडूळ हा बिचारा मातीत राहणारा साप. त्याचे शेपूट बोथट असल्याने त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि त्या एका नावापायी गुप्तधनाच्या नादी लागलेले लोक त्याची लाखांच्या बोलीने चोरटी विक्री करतात. दोन तोंडे त्याला नसतात. पण नावाने दिलेले दुसरे तोंड त्याच्या जिवावर उठले आहे. सापसुरळी तर साप नव्हेच, चार पायांची, निरुपद्रवी पालीच्या कुळातली. तरी नावात साप असल्यामुळे कित्येक घरांत ती विषारी ठरून मारली जाते. उलट मण्यार हा भारतातील अत्यंत विषारी सापांपैकी एक. पण अंगावर पट्टे असलेल्या बिनविषारी कवड्याशी तिची सरमिसळ होते. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरतात, मण्यारीचे बरोबर उलट. परंतु रात्री चटईवर दिसलेल्या सापाचे पट्टे कोण मोजत बसणार?

या सर्वांत वाईट गाठ घोणशीची. मराठीत घोणस म्हणजे विषारी, हे खरे. पण डुरक्या घोणस नावाचा जो साप आहे, तो विषारी नाही. तो मांडुळाचा भाऊबंद, आखूड, जाड, भुसभुशीत मातीत राहणारा. पाठीवर वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले तपकिरी डाग आणि आखूड, निमुळते शेपूट. म्हणजे एक घोणस चावली तर माणूस मरतो, दुसरी चावली तर जखम धुऊन घरी येतो, आणि ही दोन्ही नावे एकाच शब्दावर उभी. डुरक्या घोणस काही करत नाही, असे कोणी ऐकतो. पुढे सांगताना ‘डुरक्या’ गळून पडतो. आणि तिसऱ्याच्या कानी ‘घोणस काही करत नाही’ एवढेच पोहोचते. डुरक्या आणि खरी घोणस, दोन्ही अजगरासारख्या दिसतात म्हणून अनेक गावांत दोन्हींना सरसकट ‘अजगराचे पिल्लू’ म्हणून मोकळे होतात.

हा गोंधळ केवळ अडाणीपणातून झालेला नाही, हे आम्हांला पुढे उमजले. त्याला कारणे आहेत. अजगर आणि घोणस दोघेही अंगाने जाड, दोघांच्याही पाठीवर मोठे तपकिरी डाग, दोघेही चटकन पळून न जाता वेटोळे करून बसणारे. अजगराची अंडी उन्हाळ्याच्या शेवटी ते पावसाळ्याच्या आरंभी फुटतात आणि घोणशीची पिल्ले साधारण त्याच सुमारास जन्मतात. घोणस अंडी घालत नाही, तिला थेट पिल्लेच होतात आणि एका वेळी वीस-चाळीस होऊ शकतात. म्हणून जूनमध्ये बांधावर दिसणारे लहान, ठिपकेदार सापाचे पिल्लू बहुधा कोणाचे असणार, हे उघड आहे. त्यातही एक खूण अशी आहे की ती आम्हांला तेव्हा कोणी सांगितली असती तर आमच्या मित्राचे बोट शाबूत राहिले असते. अजगराचे पिल्लू अंड्यातून बाहेर येतानाच दीड ते दोन फुटांचे असते. घोणशीचे नवजात पिल्लू वीतभर असते. वीतभर अजगर या जगात नाही.

मोठेपणी आम्ही पांगलो. कोणी रांजणगावच्या कारखान्यात लागला, कोणी शिक्षक झाला, कोणी शेती सांभाळू लागला. वहीचा मात्र लळा सुटला नाही. आमच्यातल्या एकाने जुना कॅमेरा घेतला. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला. वहीतल्या प्रत्येक पानाला छायाचित्र जोडायचे, असा आम्ही नेम केला. हात लावायचा नाही, काठीने डिवचायचे नाही, साप जेथे असेल तेथेच आणि लांबूनच टिपायचा. छायाचित्र नसले तरी चालेल, पण त्यासाठी साप धरायचा नाही. ज्यांना धरण्याचा परवाना व प्रशिक्षण आहे त्या सर्पमित्रांच्या मागे उभे राहून आणि कात्रजच्या सर्पोद्यानात काचेबाहेरून आम्ही बरेच शिकलो. पुण्यातील सर्पप्रेमी नीलिमकुमार खैरे १९८० साली बहात्तर विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले होते. साप उगाच चावत नाही हे लोकांना पटावे, म्हणून. १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले त्यामागेही त्यांचेच कष्ट. आमची पिढी पुणे जिल्ह्यात साप पाहायला शिकली ती बहुतांशी तेथेच.

तेथे पहिल्यांदा आम्ही भारतीय अजगर निवांत पाहिला आणि मनात एक शंका शिरली. हा अजगर आमच्या विज्ञान कक्षातल्या तक्त्यावरच्या अजगरासारखा दिसत नव्हता. तक्त्यावरचा गडद, जवळजवळ काळपट तपकिरी, डागांना ठळक काळी किनार. समोरचा मात्र फिकट, पिवळसर-करडा. पुढे आमच्यातला एक जण हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूरला गेला. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर साळिंदरांच्या बिळांत राहतात आणि थंडीत ऊन घेण्यासाठी बाहेर येऊन पडतात. तेथे त्याने काढलेली छायाचित्रे आणि आमच्या तक्त्याचे छायाचित्र शेजारी ठेवले, तेव्हा उलगडा झाला. तक्त्यावरचा अजगर भारतीय नव्हताच. तो ब्रह्मी अजगर होता.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. लिनियसने १७५८ साली भारतीय अजगराला शास्त्रीय नाव दिले. आज ते पायथन मोल्युरस असे आहे. ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन आणि आपला ईशान्य भाग येथे आढळणारा अजगर दीर्घकाळ याच जातीची एक उपजात मानला जाई आणि पायथन मोल्युरस बायव्हिटाटस असे तीन शब्दांचे नाव वापरले जाई. २००९ साली अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र जात मानावे असे मांडले आणि आता तो पायथन बायव्हिटाटस या दोन शब्दांनी ओळखला जातो. श्रीलंकेतील अजगरालाही १९४५ मध्ये पिंबुरा हे उपजातीचे नाव मिळाले होते. सिंहली भाषेत पिंबुरा म्हणजे अजगरच. ती उपजात आज बहुतेक अभ्यासक वेगळी मानत नाहीत. म्हणजे शास्त्रीय नावेही कायमची दगडावर कोरलेली नसतात. फरक इतकाच की ती बदलली तर का बदलली याची नोंद राहते. बोलीतले नाव बदलते तेव्हा कोणालाच पत्ता लागत नाही.

या दोन अजगरांत भेद करायचा तर संपूर्ण अंगाचे छायाचित्र पुरेसे होत नाही, डोक्याचे लागते. डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण दोघांनाही असते. ब्रह्मी अजगरात ती नाकपुडीपर्यंत ठळक जाते, भारतीय अजगरात पुढच्या बाजूला फिकट होत नाहीशी होते. त्याहून पक्की खूण डोळ्याखाली आहे. भारतीय अजगराच्या वरच्या ओठावरचा एखादा खवला थेट डोळ्याला भिडतो. ब्रह्मी अजगरात डोळा आणि ओठ यांच्यामध्ये बारीक खवल्यांची एक ओळ असते. ही ओळ दिसावी असे स्पष्ट छायाचित्र मिळवायला आम्हांला दोन वर्षे लागली, आणि तेही काचेआडचेच.

कोणी विचारील, अजगर बिनविषारीच. मग भारतीय की ब्रह्मी याने बिघडते काय? आम्हांलाही आधी तसेच वाटले होते. पण आमच्या तक्त्याकडे पुन्हा पाहा. परदेशी पुस्तकांतून, चित्रपटांतून, दिनदर्शिकांतून आपल्यासमोर येणारा ‘अजगर’ पुष्कळदा ब्रह्मी असतो, कारण तो परदेशात पाळला जातो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत तर तो मोकळा सुटून उपद्रवी झाला आहे. आम्ही मुलांनी त्याच गडद, काळ्या किनारीच्या डागांना ‘अजगर’ म्हणून मनात ठसवले. गडद, काळ्या किनारीचे, साखळीसारखे गोल डाग आमच्या बांधावर कोणाच्या पाठीवर असतात? घोणशीच्या. तक्ता कोणी छापला होता याला आता अर्थ नाही. तो भिंतीवर होता, त्यावर नाव छापलेले होते, आणि छापलेल्या नावावर आमचा विश्वास होता.

दर पावसाळ्यात आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्रे येतात. “हे कोणतं?” एवढाच प्रश्न असतो, आणि आम्ही उत्तर देण्याआधी कोणीतरी “अजगराचं पिल्लू” असे लिहून मोकळा होतो. शिरूर-दौंड पट्ट्यातून या नावाने आमच्याकडे आलेल्या छायाचित्रांत आजवर अजगराचे पिल्लू एकदाही निघाले नाही. काही डुरक्या घोणस निघाल्या, उरलेल्या सर्व घोणशी.

या शाळेत शिकलो म्हणून या गोष्टीचा विचार करताना धम्माची आठवण येणे स्वाभाविक आहे. मज्झिमनिकायात अलगद्दूपम नावाचे सुत्त आहे. अलगद्द म्हणजे साप. बुद्ध तेथे सांगतात की साप शोधायला निघालेल्या माणसाने साप चुकीच्या जागी, वेटोळ्याला किंवा शेपटीला धरला, तर तो उलटून डसतो. तसेच धम्म चुकीच्या रीतीने धरणाऱ्याचे होते. भंतेजींनी हे सुत्त आम्हांला पूर्वीच समजावले होते, परंतु आम्हांला ते समजले आमच्या मित्राच्या बोटावरून. त्याने पहिले शील अगदी मनापासून धरले होते. मरणाऱ्या जिवासाठी तो पुढे झाला. त्याची करुणा खोटी नव्हती. तिच्या सोबतीला प्रज्ञा नव्हती. आणि ती नव्हती हा दोष त्याचा नव्हे, ज्यांनी खात्रीने नाव सांगितले त्या आम्हा चौघांचा होता.

अंगुत्तरनिकायात आणखी एक प्रसंग आहे. सर्पदंशाने एक भिक्खू मरण पावला, तेव्हा सापांच्या चार राजकुळांविषयी मैत्री बाळगण्यास बुद्धांनी सांगितले: विरूपक्ख, एरापथ, छब्यापुत्त आणि कण्हागोतमक. आपल्याकडे आज डॉक्टरही चार सापांची नावे घेतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. माणसांना सर्वाधिक मारणारे हे चार, आणि देशात मिळणारे सर्पविषावरील औषध या चौघांच्या विषावर चालते. ते बनवणाऱ्या जुन्या संस्थांपैकी हाफकिन. तिचे काम आपल्या पिंपरीतही चालते. दोन्ही चौकड्या एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. मैत्री करायची तरी ज्याच्याशी करायची त्याचे नाव घेऊन करावी, एवढे मात्र त्या सुत्ताने आम्हांला सुचवले.

नावांचा घोटाळा आपल्या समाजाला नवा नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हे शहर निवडण्याचे कारण सांगितले: नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला. ते नाग म्हणजे माणसे होती. परंतु शतकानुशतकांच्या कथांनी त्या माणसांचे साप करून टाकले, आणि नंतर त्या सापांचे देव केले. नाव कोणाच्या तोंडी कसे फिरते यावर कधी एका सापाचा जीव अवलंबून असतो, तर कधी एका जनसमूहाचा इतिहास. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला सांगतात की ‘नागसेन’ हे केवळ एक संबोधन आहे, त्यात कोणी पुरुष शोधू नये. नाव हे बोलण्याच्या सोयीसाठी आहे. सोय म्हणून ते वापरावे. खात्री म्हणून वापरू नये.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मरण पावली, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. त्यातील बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी, म्हणजे आपल्याच पालकांसारखी माणसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. दुर्लक्षित हा शब्द अचूक आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावी, डॉ. सदानंद राऊत यांच्यासारखे डॉक्टर वर्षानुवर्षे या रुग्णांसाठी झटत आले आहेत. पण रुग्ण त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचवणे हे काम डॉक्टरांचे नाही, आपले आहे.

म्हणून पालकांना व आजी विद्यार्थ्यांना आमची काही मागणी आहे. साप दिसला तर दूर व्हा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला कळवा. अजगर असला तरी त्याला हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. दंश झाला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी व कडे काढा, दंश झालेला अवयव हलवू न देता रुग्णाला धीर देत सरळ रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. छायाचित्रासाठी जवळ जाण्याचीही नाही. आणि डॉक्टरांनी विचारले तर नाव सांगू नका, दिसले ते सांगा: लांबी किती, अंग जाड की सडपातळ, पाठीवर काय होते, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार केला का, दंश किती वाजता झाला. “आम्हांला नाव माहीत नाही” या एका वाक्याने आमच्या मित्राचे कितीतरी तास वाचले असते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही शाळेच्या विज्ञान कक्षाला आमचा छायाचित्रसंग्रह देत आहोत. जुना तक्ता काढावा असे आधी वाटले होते. मग तो ठेवायचे ठरले. फक्त ‘अजगर’ या शब्दाच्या पुढे एक कागद चिकटवला आहे: ‘ब्रह्मी अजगर. आपल्या परिसरात आढळत नाही.’ त्याच्या शेजारी भारतीय अजगराचे, आणि त्याखाली एकाच मापाची तीन छायाचित्रे: अजगराचे पिल्लू, डुरक्या घोणस, घोणस. प्रत्येकाजवळ एक मोजपट्टी रेखाटली आहे, म्हणजे वीत आणि दीड फूट यांतला फरक आठवीच्या मुलाला लांबूनही दिसावा. सापांच्या नावांखाली जिल्ह्याजिल्ह्यांची नावे आहेत, वहीतून जशीच्या तशी उतरवलेली. शेवटी कोरी जागा ठेवली आहे. नव्या मुलांनी आपापल्या गावचे नाव तेथे लिहावे.

संग्रहातल्या सर्व पाट्या आमच्या पाचव्या मित्राने लिहिल्या आहेत. तर्जनीचे टोक नसल्याने तो पेन मधल्या बोटात धरतो, अक्षर मात्र आम्हा सर्वांहून चांगले आहे. घोणशीची पाटी आमच्यापैकी कोणी लिहावी, असे आम्ही सुचवले होते. तो म्हणाला, “ती मीच लिहितो. मी तिला उचलली तेव्हा तिलाही माझं नाव ठाऊक नव्हतं.” एवढे बोलून तो पुढच्या पाटीकडे वळला. आम्ही बाटलीतली शाई त्याच्या हाताजवळ सरकवली.

जय भीम. नमो बुद्धाय.